मराठीच्या तासाचा चहा

शाळेने माझ्या मुलीला फसवलं. पहिलीपासून नववीपर्यंत फसवलं, आणि नववीच्या शेवटी त्या फसवणुकीवर माझ्याच हातून सही करून घेतली. हे मी कुठेही सांगितलं की लोक मागचं सगळं सोडून सहीच धरतात. "मग चूक तुमचीच की," म्हणतात. माझी चूक किती आणि कुठे ते मी पुढे लिहिणार आहे, कमी करून लिहिणार नाही. पण फसवलं कोणी, हे आधी नीट ऐकून घ्या.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. मुंबईत एखादी इमारत पाडायला घेतली की तिची दारं, खिडक्या, चौकटी, कठडे मी सरसकट उचलायचो आणि नालासोपाऱ्यात आणून विकायचो. नव्वदच्या दशकात इथे पूर्वेला इमारतींचं पीक आलं होतं. नळाला पाणी नव्हतं, रस्त्याला गटार नव्हतं, पण दार प्रत्येकाला लागायचं. मी राजापूरकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या वखारीत फळ्यांवर झोपायचो. पुढे तीच वखार माझी झाली, आणि ती कुणाच्या मेहेरबानीने नाही. जुन्या सागवानावर रंगाचा एक हात मारला की आतली वाळवी दिसत नाही, म्हणून माझ्या खिशात कायम टोच्या असायचा. चौकटीच्या बुडाशी टोचायचं. भुसा आला तर मालकाला तोंडावर सांगायचं आणि भाव पाडायचा. तोंड माझं फाटकंच आहे. बाजारात लोक म्हणायचे, याच्याशी घासाघीस करण्यापेक्षा नवीन दार घेतलेलं बरं.

मुलगी बोलायला लागली उशिरा. तीन वर्षांची झाली तरी एकेकच शब्द. शेजारच्या मावशी माझ्या बायकोला म्हणायच्या, "बापच एवढा बोलतो, पोरीला बोलायला जागा कुठे ठेवलीय?" आम्ही हसायचो. इतर मुलं खेळत असली की ही बाजूला उभी राहायची, आपली पाळी केव्हा येते ते तिला कळायचं नाही. पोरं तिला ढकलून पुढे जायची. बायको काळजी करायची, मी म्हणायचो, शाळेत गेली की सुटेल.

शाळा वखारीपासून दोन गल्ल्यांवर. एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दुकानाचे गाळे होते, शटर वर केलं की वर्ग सुरू. संस्था मुख्याध्यापिकाबाईंच्या घरचीच. बाई नीटनेटक्या, कडक इस्त्रीची साडी, आवाज नेहमी खालच्या पट्टीत. त्यांनी देणगी मागितली. मी म्हटलं, शटरवर शाळा चालवता, वर्गांना दारं घ्या माझ्याकडून, तीच देणगी. बाईंनी मान डोलावली. मी दिलेल्या चार दारांतलं एक आतून खाल्लेलं होतं आणि ते मला माहीत होतं. पुढच्या पावसाळ्यानंतर ते मी बदलून दिलं, पण पहिल्या दिवशी दिलं होतं, हे खरं. मला वाटलं, सौदा मी जिंकलो.

दरवर्षी मुलगी वरच्या वर्गात जायची. प्रगतिपुस्तकात लिहिलेलं असायचं, वाचन समाधानकारक. स्वभावापुढे लिहिलेलं असायचं, शांत, आज्ञाधारक, मदतीस तत्पर. हे 'मदतीस तत्पर' मी गिऱ्हाइकांना दाखवायचो. दर उन्हाळ्यात शाळेचं काही ना काही काम निघायचं, बिजागरी, फळ्याची चौकट, कपाटाचं दार. मी माणूस पाठवून करून द्यायचो. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं, पण दोघांनाही माहीत होतं. चौकटीला टोच्या लावणारा मी, प्रगतिपुस्तकाला एकदाही लावला नाही.

मुलगी सहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत भुईगावच्या एक टीचर वखारीत आल्या. वसईच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, ख्रिस्ती बाई, साठी उलटलेली, अंगाने काटक. त्यांना वाडीतल्या घराच्या माडीसाठी खिडकी हवी होती. आमचं तासभर जुंपलं.

"खिडकीवाले, ही खिडकी एवढी मोलाची असती तर ती इमारत पाडली असती का?"

"टीचर, इमारत पडली, खिडकी उभीय. यातच समजा."

"उभी आहे कारण तुम्ही तिला भिंतीला टेकवलीय."

मुलगी तिथेच बसली होती. आम्ही प्रत्येक मालावर खडूने लिहून ठेवायचो, माडी, न्हाणी, स्वयंपाकघर, म्हणजे जोड्या चुकायच्या नाहीत. मी तिला म्हटलं, जा, 'माडी' लिहिलेल्या किती आहेत बघून ये. ती गेली, खिडक्यांच्या रांगेपुढे उभी राहिली, आणि तिथल्या गड्याला हळूच काहीतरी विचारून परत आली. "तीन." टीचरनी हे पाहिलं. त्यांनी बिजागऱ्या गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद सोडवला, तिच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "बाय, जरा वाचून दाखव गो मला. चष्मा घरी राहिला."

मुलीने कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. खडाखडा. गावाला विहीर नव्हती, गावकऱ्यांनी मिळून विहीर खणली, असं काहीतरी. बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज चढत-उतरत होता. मी टीचरकडे छाती काढून बघितलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. ती पाण्याच्या पंपाची जाहिरात होती. चार ओळी आणि एक चित्र.

विहिरीचा धडा तिच्या पुस्तकातला होता. ऐकून ऐकून पाठ केलेला.

माझा हात वर गेला. टीचरनी तो मनगटापाशी धरला. म्हाताऱ्या बाईच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"खिडकीवाले, हात खाली. पोरीने कुणाला फसवलेलं नाही. एवढं सगळं नुसतं ऐकून पाठ करणाऱ्या मुलीला डोकं किती असेल? भाव करता येतो ना तुम्हाला? करा याचा भाव."

मग त्या मुलीकडे वळल्या. "शाळेत मराठीच्या तासाला काय करतेस तू?"

"चहा आणते."

"कुणासाठी?"

"टीचर लोकांसाठी. मग कप धुते."

"रोज?"

"रोज. बुधवारी भजी पण."

ती हे अगदी सरळ सांगत होती, मी कसला माल कुठून आणतो ते सांगावं तसं. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चहा आणायला गेलं की वाचायला उभं राहावं लागत नाही, एवढंच तिला माहीत होतं.

सुट्टी संपल्यावर तिसऱ्या, म्हणजे मराठीच्या तासाला मी शाळेत गेलो. सांगून गेलो नाही. गाळ्यांच्या मागे पाण्याचा पिंप होता, तिथे चिखलात विटेवर माझी मुलगी उकिडवी बसली होती. पुढ्यात दहा-बारा कप. तळाला भिजून फुगलेली बिस्किटं, एकात विडीचं थोटूक. ती बोटाने ते थोटूक काढत होती. युनिफॉर्मचे हात कोपरापर्यंत ओले. शटरच्या पलीकडून वर्ग एका सुरात कविता म्हणत होता आणि ही इकडे ओठ हलवत ती कविता पाठ करत होती. म्हणजे मराठी ती अशी शिकत होती, भिंतीच्या मागून.  तेव्हापासून घरी मी चहा स्टीलच्या पेल्यातून पितो, चिनी मातीचा कप तोंडाला लावत नाही.

मी बाईंच्या खोलीत घुसलो. जे तोंडाला आलं ते बोललो. बाई माझा आवाज संपेपर्यंत टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसल्या.

"शेठ, बसा. तिला आवडतं ते. वर्गात वाचायला उठवलं की घामाघूम होते, बाकीची मुलं हसतात. आम्ही तिला रमवतो."

"कप धुवायला लावून?"

"बरं, बंद करू. आजपासून वर्गात बसेल. फक्त एक आहे." पेपरवेट थांबला. "मग तिचं वाचन सगळ्यांसारखं तपासावं लागेल. पुढच्या वर्गाचं मी आत्ताच काही सांगू शकणार नाही."

इथे माझी पहिली चूक.  वर्ष फुकट जाईल, बाजारात लोक विचारतील, पोरगी नापास झाली का, हे सगळं डोक्यात आलं. मी म्हटलं, "चहा बंद करा, बाकी तुम्ही बघून घ्या." त्या म्हणाल्या, "बघू ना." त्यांनी बघून घेतलं. मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसायला लागली, तिला कुणी काही विचारायचं नाही, आणि वर्षाच्या शेवटी 'समाधानकारक'. जे चिखलात चाललं होतं ते आता बाकावर. आणि यावेळी माझ्या संमतीने.

भुईगावच्या टीचरना मी शिकवणीचं विचारलं तेव्हा त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. खिडकीच्या भावातला मात्र एक रुपया सोडला नाही. अटी घातल्या. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी आणायचं. मी बाहेर विहिरीच्या कठड्यावर बसायचं. आवाज चढवायचा नाही. आणि घरी कुणीही तिला 'वाच' म्हणायचं नाही, मी सांगेपर्यंत.

मी स्कूटरवर तिला घेऊन रेल्वेचं फाटक ओलांडायचो, सोपारा गावातून केळीच्या वाड्यांमधल्या अरुंद वाटेने भुईगावला. विहिरीवर बसून मला ओटी सगळी दिसायची. टीचर सुपात ओली वाळू पसरायच्या आणि एक अक्षर बोटाने दहादहा वेळा काढायला लावायच्या, डोळे उघडे ठेवून, मग मिटून. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवायच्या, एका तुकड्याला एक टाळी. पहिले दोन महिने एवढंच. मला वाटायचं, सहावीतल्या पोरीला हे काय बालवाडीचं लावलंय. एकदा न राहवून म्हटलं, तर टीचर म्हणाल्या, "पाया न घालता तुमच्या त्या इमारतींवर मजले चढवतात, तसं मला येत नाही."

ओळ वाचताना मुलीचे डोळे खालच्या-वरच्या ओळीत पळायचे. टीचरनी पोस्टकार्डाच्या मधोमध एका ओळीएवढी फट कापली. कार्ड पानावर ठेवायचं, फटीतून दिसेल तेवढंच वाचायचं, मग खाली सरकवायचं. कार्ड घामाने मऊ पडायचं, फाटायचं. मी वखारीत पातळ प्लायवूड घेतलं, तशीच फट कापली, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि तिला दिली. हजारो खिडक्या मी विकल्या, त्यातली घासाघीस न करता दिलेली ती एकच. मुलगी त्याला 'माझी पट्टी' म्हणायची.

बोलायचं शिकवण्यासाठी टीचर मलाच आत बोलवायच्या. ओटीवर पेरूंची पाटी ठेवायच्या. मुलगी विकणार, मी गिऱ्हाईक. नियम एवढाच की तिने माझ्या तोंडाकडे बघून बोलायचं, मी बोलत असताना थांबायचं, आणि माझं संपलं की उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कसे दिले?" ती जमिनीकडे बघत म्हणाली, "न्या." मी सगळी पाटी उचलून निघालो. ती रडली. टीचरनी मला पाटी परत ठेवायला लावली आणि पुन्हा म्हणाल्या, "चला, गिऱ्हाईक आलं."

हे वर्ष-दीड वर्ष चाललं. एका संध्याकाळी मी नेहमीसारखं म्हटलं, "कसले हे पेरू, किडके आहेत सगळे." मुलीने माझ्याकडे बघितलं. मी बोलून संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "टोच्या काढा बाबा. टोचून बघा. कीड निघाली तर फुकट न्या. नाही निघाली तर दुप्पट द्या."

टीचर ओटीवर इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. मी दुप्पट दिले. खरे दिले.

आठवीत असताना टीचरनीच सांगितलं की हिला मुंबईच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्या. डॉक्टरांचं एक नाव होतं त्या अडचणीला, डिस्लेक्सिया. बुद्धी पूर्ण, पण अक्षरं डोळ्यांपासून डोक्यापर्यंत जायला वळसा घेतात, असं मला समजावलं. खेपा बऱ्याच झाल्या. शेवटी दाखला मिळाला. त्या दाखल्यावर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लिहायला लेखनिक मिळतो, गणितात सवलत मिळते. फक्त शाळेने तो बोर्डाकडे पाठवायचा. टीचर म्हणाल्या, "बस्स. आता ही मुलगी दहावी होणार. हळू होईल, पण होणार." मुलीने पट्टी ठेवून तो सगळा कागद स्वतः वाचला. अर्धा तास लागला. मग म्हणाली, "म्हणजे मी मठ्ठ नाही." आमच्या घरी हा शब्द कुणी वापरत नव्हतं. तो कुठून आला ते मी विचारलं नाही.

शाळेच्या दारावर तोपर्यंत कापडी फलक लागायला लागला होता. दहावीचा निकाल शंभर टक्के. मुलं लांबून यायला लागली होती, शेजारची इमारतही बाईंनी घेतली होती आणि वर सभागृह बांधायला काढलं होतं. मी कागद घेऊन गेलो. बाईंनी तो दोन बोटांत धरून वाचला.

"शेठ, आमच्या शाळेत असली मुलं नाहीत."

"एक आहे. पहिलीपासून तुमच्याकडेच आहे."

"असं काही बोर्डाकडे गेलं की शाळेचं नाव..." त्या थांबल्या. "सतरा नंबरचा फॉर्म भरा ना. बाहेरून बसेल. तिलाही ताण नाही."

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी देणाऱ्यांचा फॉर्म. मी म्हटलं, ते जमणार नाही. मुलगी याच शाळेतून बसणार, सवलतीसकट बसणार. आणि मग माझी सवय उफाळून आली. मी विचारलं, "सभागृहाला दारं घेतलीत का?"

बाईंनी पेपरवेट हातात घेतला.

चार जोड-दारं. सागवानी, पितळी कड्यांची, एका जुन्या बंगल्यातली. तसा माल मला परत मिळाला नाही. बाई म्हणाल्या, "बघा शेठ, शेवटी मार्ग निघतो." मी रुग्णालयाचा दाखला बाईंकडे ठेवला आणि माल आधी पोचवला. धंद्यात मी सख्ख्या भावालासुद्धा माल आधी देत नाही.

मार्चमध्ये त्यांनी मला सहीला बोलावलं. सवलतीचा अर्ज तयार आहे म्हणाल्या. माझ्यासाठी चहा मागवला. चहा एका मुलीने आणला. दोन वेण्या, लाल रिबिनी, ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, नजर कपांवर. पाचवी-सहावीतली असेल. बाजूच्या वर्गातून एका सुरात कविता ऐकू येत होती.

मी ते ऐकलं. मला कळलं. आणि मी तो चहा प्यायलो. माझं काम होत होतं ना. ही माझी दुसरी चूक, आणि सहीपेक्षा मला तीच जास्त टोचते.

बाईंनी दोन कागद पुढे सरकवले. वरचा सवलतीचा अर्ज, तो मी पाहिला. "खालच्यावर पण इथे," असं म्हणून त्यांनी वरचा कागद थोडा सरकवला, सहीपुरती जागा उघडी झाली. मी सही केली. बोलत बोलत केली.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. मुलगी पाकीट घेऊन घरी आली. मी प्रगतिपुस्तक उघडलं, उत्तीर्ण दिसलं, बायकोला म्हटलं, गोड कर काहीतरी. पाकिटात अजून एक कागद होता. मुलगी तो घेऊन खिडकीपाशी बसली आणि पट्टी ठेवली. आता ती समोर येईल ते वाचायची. दुकानांच्या पाट्या, गोळ्यांची पाकिटं, काहीही. त्यामुळे आमचं लक्ष नव्हतं. तिचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता.

"शा-ळा... सोड-ल्या-चा... दाखला."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मुलीने पट्टी खाली सरकवली. नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. वर्तणूक, चांगली. मग पुन्हा सरकवली. "शा-ळा सोड-ण्या-चे... का-रण." ती थांबली. तिने बोट ठेवलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, चुकलं असेल म्हणून. मग माझ्याकडे बघून सलग म्हणाली, "पालकांच्या विनंतीवरून."

मी कागद ओढून घेतला. सोबत माझ्या विनंतीअर्जाची प्रत टाचलेली. खाली माझी सही.

"बाबा, तुम्ही मला शाळेतून काढलं?"

तीन वर्षं वाळूत बोटं घासून तिला वाचायला आलं, आणि स्वतःच्या बळावर वाचलेला शाळेचा पहिला कागद हा.

मी तडक शाळेत गेलो. मुलगी मागे धावत आली, मला माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "सही तुमचीच आहे ना?" सवलतीच्या अर्जाचं विचारलं तर म्हणाल्या, असा कुठलाच अर्ज कार्यालयात नाही. रुग्णालयाच्या दाखल्याचं विचारलं तर शिपायाला हाक मारून कपाट उघडायला लावलं आणि हात पसरले. खालच्या पट्टीतला तोच आवाज. "शेठ, एका मुलीसाठी मी बाकीच्यांचा निकाल बिघडवू का? तुम्ही धंदेवाले आहात, तुम्हाला समजायला हवं."

मी वर सभागृहात गेलो. खिशात टोच्या होता, स्क्रू ड्रायव्हर येताना वाटेत वखारीतून उचलला होता. पहिल्या दाराच्या वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू काढले. तिथे दहावीच्या जादा तासाला आलेली मुलं बसली होती, ती उभी राहिली. एक शिक्षक "अहो, अहो" करत होते. दार कलंडायला लागलं.

"बाबा, स्क्रू परत लावा."

नऊ वर्षं त्या शाळेत तिचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. मुलांनी वळून बघितलं. ती दारात उभी होती, चेहरा लाल, पण माझ्या तोंडाकडे बघून बोलत होती. मी काहीतरी ओरडलो. माझं संपेपर्यंत ती थांबली, टीचरनी शिकवल्यासारखी.

"लावा परत. पोरांच्या अंगावर पडेल."

मी तिन्ही स्क्रू परत लावले. एक वाकडा बसला. तो अजून तसाच असेल.

तिने बाहेरून परीक्षा दिली. रुग्णालयातून दाखल्याची दुसरी प्रत आणली, पण ती वेळेत कुठे पोचलीच नाही. पाठवायला शाळा नव्हती. लेखनिक नाही, जादा वेळ नाही, पट्टीसुद्धा केंद्रावर बाहेर ठेवायला लावली. पहिल्या खेपेला तीन विषय गेले, दुसऱ्या खेपेला एक. तिसऱ्या खेपेला पास झाली. निकाल घेऊन ती आधी भुईगावला गेली, मग घरी आली. आज वखार तीच बघते. करारनामा आला की पट्टी ठेवून ओळ न ओळ वाचते, समोर बिल्डर ताटकळत बसला तरी. मी सही करायला गेलो की कागद काढून घेते. "थांबा, मी वाचते आधी." ती हे हसत म्हणते. मला हसू येत नाही.

शाळा आता तीन मजली आहे. मध्यंतरी वर्धापनदिनाचं निमंत्रण आलं. जुन्या हितचिंतकांच्या यादीत माझं नाव अजून आहे. जाड गुळगुळीत कागद, त्यावर शंभर टक्के निकालाची परंपरा असं सोनेरी अक्षरांत. मी तो कागद हातात धरला आणि मला तोच वास आला, ओल्या बिस्किटांचा, पिंपातल्या पाण्याचा.

मी जाऊन आलो. टाळ्यांच्या वेळी उठून विचारणार होतो, पण मुलीने घरून निघताना वचन घेतलं होतं की बाबा, ओरडायचं नाही. म्हणून लिहितो आहे. लिहिताना आवाज चढला तर दिसत नाही.

बाई, त्या कागदावर माझी सही आहे. तिचा जाब मला माझी मुलगी विचारते, आणि दर वेळी मी देतो. माझ्या सहीच्या खाली तुमची सही आहे. तुम्हाला अजून कुणी विचारलेलं नाही. मी विचारतो. शंभर टक्के करण्यासाठी दरवर्षी किती मुलांच्या आईबापांकडून विनंती लिहून घेतलीत? रुग्णालयाचा दाखला कुठल्या कपाटात टाकलात? आणि लाल रिबिनी बांधलेली ती मुलगी, जिने आणलेला चहा तुम्ही पाजलात आणि मी प्यायलो, ती कुणाची होती? तिला वाचायला येतं का? मला नाव नको, पत्ता नको. येतं की नाही, एवढं सांगा.